मयत विद्यार्थिनीचं तिसरं वर्ष

निमोणे, ता. शिरूर
१२ जून २०२४

कै. अनुपमा हिला,

‘चि.’ लिहायला हात वळत नाही. पाकिटावर ‘कै.’ घातलं तर पोस्टमन दारात उभा राहून हसेल, म्हणून तिथं नुसतं नाव घातलंय. आत मात्र जे आहे ते आहे. तू मेलीस त्याला गेल्या महिन्यात दोन वर्षं झाली, आणि काल सकाळी माझ्या फोनवर तुझा ओटीपी आला.

मी गोठ्यात होतो. हात दुधाचे, म्हणून तुझ्या भावाला फोन बघायला सांगितलं. सत्यजीतनं मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाला, “आप्पा, ताईचा ओटीपी हाय. ती शिक्षणाची बँक निघालीय ना, तिचा.” गाय पान्हा चोरेल एवढ्या मोठ्यानं मी हसलो. मेलेल्या पोरीचा बँकेत काय कारभार? तेवढ्यात दुसरा आला, जरा वेळानं तिसरा. तू तिकडं दौंडात बसून बटण दाबत होतीस आणि इकडं माझ्या खिशात वाजत होतं. आपल्याकडं बायकापोरींच्या आधारला घरच्या कर्त्याचाच नंबर असतो. तुझ्या आईच्याही आधारला माझाच आहे. तू पळून जाताना दागिने नेले नाहीस, कपडे नेले नाहीस, हे मी चारचौघांत सांगायचो. नंबर न्यायचाही राहिला, हे काल कळलं.

सत्यजीतकडून बाकीचं काढून घेतलं. शिरूरच्या कॉलेजात तू बी.कॉम.ची दोन वर्षं केलीस, त्याचे म्हणे क्रेडिट झालेत. शिकलेलं कुठंतरी जमा असतं आणि ते उचलून दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. मुक्त विद्यापीठात ते दाखवलं की तुला थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. कुरकुंभच्या ज्या कंपनीत तू स्टोअरला कंत्राटी आहेस, तिथं पुढच्या वर्षी पदवी दाखवली तर कायम करणार, नाहीतर कंत्राट संपलं की घरी. एवढं सगळं त्याला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. कानाखाली मात्र एक दिली.

तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. तू बौद्धवस्तीतल्या कोंडिबाच्या नवनाथबरोबर गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या फाट्यावर मी फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो तुझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून. खाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं, एकानंही नको म्हटलं नाही. घोडनदीवर दहावा केला. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नाही म्हणतात, तुझ्या शिवला, आणि लगेच शिवला. म्हणजे चूक माझी नव्हती. गाव जेवून गेलं. तुझ्या आईनं सगळ्यांना वाढलं, स्वतः एक घास खाल्ला नाही, पण वाढलं.

तुला हवा असलेला आकडा देतोय: ४८१९०६. दहा मिनिटांत टाकायचा असतो आणि कुणाला सांगायचा नसतो, असं मेसेजात लिहिलंय. टपालाला चार दिवस लागतात, त्याला मी काय करणार?

सर्जेराव


निमोणे
३ जुलै २०२४

अनुपमा,

तू पत्र आईच्या नावानं पाठवलंस. या घरात साळूबाईच्या नावानं येणारं पत्र मीच फोडतो, एवढं तुझ्या लक्षात राहायला हवं होतं.

दौंडला आधार केंद्रात जाऊन नंबर बदललास. त्याचाही मेसेज आला, शेवटचा. आता या फोनवर तुझं काही येणार नाही, बरंच झालं. सारखी कटकट. तरी सवयीनं मी सत्यजीतला दोनदा विचारलं, काही आलं का. तो नाही म्हणाला.

पण तुझी गंमत पुढंच आहे. परवा बापूसाहेबाचा फोन. बापूसाहेब म्हणजे तुमच्या कॉलेजातला क्लार्क, तुझ्या प्रवेशाला मीच ज्याच्याकडं घेऊन गेलो होतो तो. त्याचा आवाज असा, की चोरी पकडली गेलीय. म्हणाला, “आप्पा, तुमची अनुपमा आल्ती हितं. दोन वर्षांचे मार्क बँकेत चढवा म्हणून. आन् माझ्याकडं तर ती मयत हाय.”

मी म्हटलं, मयत म्हणजे?

मग त्यानं सांगितलं. तुझ्या दहाव्याला तो आला होता. फ्लेक्स पाहिला, पिंड पाहिलं, जेवला, माझ्या गळ्यात पडून रडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तुझ्या नावापुढं लाल शाईनं ‘मयत’ लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, बिचाऱ्यानं आपल्या मायेनं लिहिलं. पोरगी गेली, आता तिच्या घरी फीची नोटीस जाऊन आईबापाच्या जखमेला धक्का नको, एवढाच विचार. मग सगळ्यांचे मार्क कंप्युटरवर चढले, तेव्हा मयत म्हणून तुझे बाजूला राहिले. तुझी दोन वर्षं कुठल्याच बँकेत नाहीत, अनुपमा. ती माझ्याबरोबर दहाव्याला जेवून गेली.

मी इतका हसलो की तुझी आई स्वयंपाकघरातून बघायला आली. काय झालं विचारलं, मी सांगितलं. तिनं ऐकलं आणि आत गेली.

तुझ्या हातात आधार कार्ड, अंगात कंपनीचा शर्ट, समोर साक्षात उभी, तरी प्राचार्य म्हणतात, “वडिलांनी मयत सांगितलीय, वडिलांनीच जिवंत म्हणून लिहून द्यावं. उद्या लफडं नको.” प्राचार्य शहाणा माणूस आहे. त्यांचे साडू आमच्या दूध संघात आहेत, हा भाग वेगळा.

तेव्हा आता माझ्या एका ओळीवर तुझं तिसरं वर्ष अडलंय. ओळ मी लिहीन. ‘माझी मुलगी अनुपमा हयात आहे’, पाच शब्दांत काम. पण त्याआधी तू निमोण्याला यायचं. एकटी. त्याला आणायचं नाही, तुमच्या त्या पोरीलाही नाही. चावडीपुढं उभं राहून सांगायचं, मी चुकले, आता घरातच राहीन. मग मी लिहून देतो. पदवी घे, हवी तेवढी घे.

प्रवेशाची मुदत जुलैअखेर आहे, असं बापूसाहेब म्हणाला. बघ.

सर्जेराव


निमोणे
१९ जुलै २०२४

अनुपमा,

काल जे झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस, मग लिहायचं कशाला, असं तुला वाटेल. तू माझं तोंड पाहिलंस. माझ्या पोटातलं कुठं पाहिलंस?

तुझं उत्तर मिळालं होतं. त्यात तू लिहिलंस, “आप्पा, मी चुकले नाही. दीक्षाला आणि तिच्या वडिलांना सोडून येणार नाही. तुम्ही फक्त खरं तेवढं लिहा.” मला खरं लिहायला सांगतेस? ठीक. म्हटलं, खरं काय ते जाऊन सांगूनच येऊ.

इस्त्रीचे कपडे घातले, शिरूरला गेलो. तू प्राचार्यांच्या खोलीत आधीच बसली होतीस. बापूसाहेबानं तुलाही बोलावून ठेवलं होतं, दोघांना समोरासमोर आणलं की बापाला पाझर फुटेल असं त्याचं गणित. तू वाळली आहेस. बोटांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांनी कापल्याच्या रेघा होत्या. मी आत आल्यावर तू उठलीस आणि आपली खुर्ची माझ्याकडं सरकवलीस. मी बसलो. गुडघा दुखत होता म्हणून बसलो, तू दिलीस म्हणून नाही.

प्राचार्यांनी विचारलं, “ही तुमचीच मुलगी ना?”

मी म्हटलं, “माझी मुलगी दोन वर्षांमागं वारली. गावाला विचारा.”

तू म्हणालीस, “आप्पा, मी हाय की समोर.”

“बाई, तुम्ही कोण, मला ठाऊक न्हाई.”

तुला ‘बाई’ म्हणायची मी घरी तालीम केली नव्हती. आपसूक आलं. पंखा फिरत होता, बापूसाहेब भिंतीकडं बघत होता. मला वाटलं तू रडशील. तू रडली असतीस तर कदाचित, नाही, तरीही मी लिहून दिलं नसतंच. तू प्राचार्यांना म्हणालीस, “सर, मी परत येईन.” आणि दारातून वळून मला म्हणालीस, “गुडघ्याला तेल लावून घेता का? आईला सांगा.” बापूसाहेब लगेच रडायला लागला. त्याला रडायला फार लागत नाही.

मी तिथंच कागद मागून लिहून दिलं की समोर आलेली स्त्री माझी मुलगी नाही. सही ठोकली. बाहेर आलो तर तू स्टँडच्या दिशेनं चालली होतीस. तुला हाक मारली असती तर तू वळली असतीस का, हे मी येताना एसटीत बसून विचार करत होतो. कशासाठी मारणार म्हणा. मेलेल्या माणसाला हाक मारत नाहीत.

तेल मी आईला सांगितलं नाही. मुदत संपायला फार दिवस राहिलेले नाहीत.

सर्जेराव


निमोणे
९ ऑगस्ट २०२४

अनुपमा,

माझ्याच घरात साप पाळला होता, तो कळला.

साळूबाई म्हणाली, डोळे दाखवायला शिरूरला जाते, सखूबाईला सोबत घेते. सखूबाई माझी सख्खी बहीण, मला शंका का यावी? एसटीला मीच बसवून दिलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं तोंडही न बघता ती कॉलेजात गेली. पुढचं बापूसाहेबानं सांगितलं, आणि सांगताना त्याला किती आनंद होत होता ते फोनवरही दिसत होतं.

प्राचार्यांच्या दारात ती खाली बसली. खुर्ची दिली, घेतली नाही. म्हणाली, “माझी लेक मेली म्हणून ज्यानं लिव्हलंय, त्यानं मला तिचं मढं दाखवावं. मढं दाखवा, मी उठून जाते.”

प्राचार्य म्हणाले, “अहो बाई, तिच्या वडिलांनीच लिहून दिलंय.”

“वडलांनी जलम दिला का? मेली का जित्ती, ते मला इचारा.”

पोरं गोळा झाली. पोरींनी फोन काढले. दूध संघाचा साडू एका बाजूला आणि फोन काढलेल्या पन्नास पोरी एका बाजूला, प्राचार्यांनी काय करायचं ते केलं. आईनं लिहून दिलं, त्यावर सही केली. तुला माहीत नसेल, चौथी शिकलेली असली तरी तिनं सही केलेली मी कधी पाहिली नव्हती. बापूसाहेबानं लाल ‘मयत’वर काट मारली, त्याच बैठकीत तुझे मार्क चढवले. वाढवून मिळालेल्या मुदतीत तुझा प्रवेश झाला, हेही त्यानंच सांगितलं. दोन वर्षांचे सगळे क्रेडिट तिकडं जमा झाले म्हणे, एकही अडला नाही. अभिनंदन.

ती संध्याकाळी घरी आली. मी विचारलं, डोळे काय म्हणतात? “आता नीट दिसतंय,” म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

मी तिला मारलं नाही, तुला कुणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. तिचा फोन तेवढा काढून घेतला. तिला आता कुठं फोन करायचाय? सखूबाईला दार बंद केलं. आणि तिला स्वच्छ सांगितलं, ज्या बाईनं माझ्या सहीवर सही केली ती मला मेली. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली.

तुझी पहिली परीक्षा डिसेंबरात आहे, असं कळलं. कायम व्हायचं म्हणजे एकही विषय मागं ठेवून चालणार नाही, हेही कळलं.

सर्जेराव


निमोणे
१८ डिसेंबर २०२४

अनुपमा,

तुला माझा राग आला असेल. येऊ दे. तुझ्या रागाची मला सवय नाही, पण होईल.

मला फक्त एक बघायचं होतं. पदवी मोठी का आई? तुझा पेपर होता त्या सकाळी मी सत्यजीतला सांगितलं, फोन लाव आणि म्हण आई गेली. तो तयार नव्हता. जमीन अजून माझ्या नावावर आहे, एवढी आठवण करून दिल्यावर तयार झाला. तू त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीस म्हणून बापूसाहेबालाही मी रडत कळवलं. त्यानं तुला फोन केला, तो बिचारा खरंच रडत होता. त्या माणसाला दुसऱ्यांदा फसवलं, याचं मला थोडं वाईट वाटलं.

तू आलीस. परीक्षा केंद्राच्या दारातून फिरलीस, पोरीला काखेत घेऊन, कुणाच्या तरी गाडीवर. वेशीपासून तुझा आवाज येत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तू या उंबऱ्याच्या आत आलीस, आणि तुझी आई पडवीत बसून गहू निवडत होती.

तिच्या हातातलं सूप पडलं. “काय झालं गं? कोण गेलं?” तू तिच्यापुढं गुडघ्यावर बसलीस, तिच्या तोंडावरून हात फिरवलास, परत परत. ती विचारतेय कोण गेलं, आणि तुला सांगता येईना. मग तू माझ्याकडं पाहिलंस.

मी म्हटलं, “आलीस ना? झालं तर मग.”

मला वाटलं होतं, आलीच आहेस तर राहशील. आईच्या गळ्यात पडल्यावर माणूस विरघळतं, थोडा वेळ बसतं, चहा घेतं. त्या पोरीचं नाक आपल्यासारखं आहे, ते मला त्या दिवशी कळलं. पण तू उठलीस. म्हणालीस, “आप्पा, आजपासून तुमचं काहीच मला खरं धरायचं न्हाई.” सत्यजीतला म्हणालीस, “तुझंसुदीक.” आणि गेलीस. पेपर तोवर सुटला होता.

तेव्हा पदवीपेक्षा आई मोठी निघाली. मला बरं वाटलं, हे लिहायला मला लाज नाही. एक पेपर गेला तर गेला, मेमध्ये उरलेल्यांबरोबर देता येतो असं बापूसाहेब म्हणतो. म्हणजे मी तुझं फार काही बिघडवलेलं नाही.

तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. गहू अजून तसेच सांडलेत. मी उचलणार नाही आणि ती उचलत नाही.

सर्जेराव


निमोणे
२२ मे २०२५, सकाळ

अनु,

आई गेली. खरंच गेली. मी फोन केला, तू उचलला नाहीस. सत्यजीतनं केला, तू कट केलास. हे पत्र तो गाडीवर घेऊन येतोय, त्याच्या हातातून घे आणि वाच.

छातीचं होतं. मार्चपासून दम लागत होता. शिरूरचे डॉक्टर पुण्याला न्या म्हणाले होते. कांदा काढून झाला की नेणार होतो.

दुपारपर्यंत थांबतो. त्यापुढं ऊन आहे, ठेवता यायचं नाही. पेपर राहू दे. या वेळी खोटं नाही. सत्यजीतचे डोळे बघ.

आप्पा


निमोणे
१७ ऑगस्ट २०२५

अनु,

हे पत्र शेजारच्या अनसाबाईच्या हातानं पाठवतोय. माझ्या नावाची पाकिटं ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत येतात. दहाव्याचं आलं, त्यानंतरचं आलं. अनसाबाईच्या हातचं तू घेशील. परवा तिच्याच सांगण्यावर तुझा विश्वास बसला.

मे महिन्यात सत्यजीत परत आला तो एकटाच. त्यानं सांगितलं, तू केंद्राच्या फाटकाशी उभी होतीस. पत्र घेतलंस, वाचलंस, घडी करून त्याच्या खिशात परत घातलंस. म्हणालीस, “मागल्या बारीला गहू निवडत व्हती. आता काय करतीय? ज्वारी?” तो रडायला लागला तर तू म्हणालीस, “बापूसाहेब पण असंच रडले व्हते.” आणि घंटा झाल्यावर आत गेलीस. शेवटचा पेपर होता. डिसेंबरात राहिलेला.

आम्ही दुपारपर्यंत थांबलो. मग आणखी थोडं थांबलो. भावकी म्हणायला लागली, आता उचला. बापूसाहेब आला होता, त्याला मी म्हटलं तू फोन लाव. तो म्हणाला, “आप्पा, मी कुठल्या तोंडानं लावू?” शेवटी त्यानं लावला. तू त्याचा नंबर बंद करून टाकला होतास. अग्नी सत्यजीतनं दिला.

फ्लेक्स मी लावला नाही. लावला असता तर लोक विचारायला आले असते, की खरंच गेली का.

त्यानंतर तीन महिने तू तिकडं दौंडात, आई जिवंत आहे असं समजून राहिलीस. मी तुला कळवू शकत नव्हतो असं नाही. दौंड काय लांब आहे? पण मी तुझ्या दारात येऊन उभा राहिलो असतो आणि तू म्हणाली असतीस, तुम्ही कोण, मला ठाऊक न्हाई. तेवढं ऐकायची माझी छाती नव्हती.

परवा तू आलीस. पास झालीस, कंपनीनं कायम केलं, हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. तुझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. माझ्याकडं न बघता पडवीतून आत शिरलीस, “आई, ए आई” करत. स्वयंपाकघर बघितलंस. माजघर बघितलंस. परसात गेलीस, गोठ्यात वाकून बघितलंस, विहिरीकडं जाऊन हाक मारलीस. मी सांगत होतो तुला. पाठीमागून चालत सांगत होतो, अनु, ती नाही, मेमध्ये गेली. तू वळून म्हणालीस, “आप्पा, पुरे आता. कुठं लपवलीय तिला? भाईर बोलवा.”

भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. तो तू पाहिलास, आणि तरी मला म्हणालीस, “माझाबी लावला व्हता तुम्ही.”

माझ्याकडं एकच खरं होतं आणि ते कुणी घेत नव्हतं. तू ओरडत राहिलीस, भाईर बोलवा, भाईर बोलवा. मग कुंपणापलीकडून अनसाबाई आली. तिनं तुझा दंड धरला आणि म्हणाली, “बाई गं, खरंच गेली तुझी आई. मी न्हाणलंय तिला.” तेव्हा तू खाली बसलीस.

तुझं ते रडणं मी लिहिणार नाही. मला ते उभ्या जन्मात पुन्हा ऐकायचं नाही. तुझ्याजवळ यायला निघालो तर अनसाबाईनं हातानंच थांबवलं. तू गेलीस ती माझ्याकडं न बघता. पेढे राहिले, मुंग्या लागल्यावर सत्यजीतनं उकिरड्यावर टाकले.

एक गोष्ट मी त्या दिवशी सांगणार होतो, ती राहिली. आई गेली त्या सकाळी मी तिच्याजवळ होतो. डिसेंबरपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. मी सारखा म्हणत होतो, अनुला बोलावतो. तिनं मान हलवली आणि बोलली. “तिला पेपर देऊ द्या. मग कळवा.” एवढंच. पाच महिन्यांत माझ्याशी बोललेलं तेवढंच.

आणि तिचा श्वास थांबल्याबरोबर मी तुला फोन लावला. पेपर सुटायची वाट पाहिली नाही. तुला आई दिसावी म्हणून लावला, का तुझा पेपर बुडावा म्हणून, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस म्हणून तिचं म्हणणं पाळलं गेलं. मी ते मोडायला निघालो होतो.

हे वाचून तुला वाटेल, आप्पा आता गोड बोलून पुन्हा काहीतरी करतायत. वाटलं तर वाटू दे. त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. ती खरंच असं म्हणाली का, हे तुला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता यायचं नाही.

आप्पा